गुंडाळी ज्याच्या हाती

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. जेवणाचं टेबल आवरून तुम्ही पवित्र शास्त्र उघडून बसला आहात. एक बोट दानीएलात, दुसरं प्रकटीकरणात. शेजारी वही. वहीत तीन रंगांच्या पेनांनी काढलेला तक्ता: शिक्के, कर्णे, वाट्या आणि त्यांच्यासमोर आजच्या बातम्यांतल्या युद्धांची नावं. संध्याकाळी ओळखीतल्या कुणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात प्रभूच्या येण्याचा महिना आणि वर्ष सांगितलं होतं. तेव्हापासून तुमच्या पोटात गोळा आलाय.

दिवेलागणीलाच आतल्या खोलीतून आईने विचारलं होतं, "आज वाचून दाखवशील ना?" तिला आता बारीक अक्षर दिसत नाही. तुम्ही म्हणालात, "थांब जरा, हे एवढं संपू दे."

ते संपलेलं नाही. तुम्ही पुन्हा वजाबाकी मांडता. २३०० वजा ४५७. उत्तर लिहायला पेन टेकवता आणि पंख्याची घरघर दूर जाते, टेबल जातं, दिवा जातो. पायाखाली खडक लागतो.

मंगळवार, २२ ऑक्टोबर १८४४. लो हॅम्प्टन, न्यूयॉर्क राज्य

हवेत चांगलाच गारठा आहे. मेपलची पानं लाल होऊन गळताहेत. शेताच्या कडेच्या खडकावर माणसं जमली आहेत आणि सगळ्यांच्या माना वर आहेत. पुढे लोक सांगत सुटतील की त्या दिवशी ह्या मंडळींनी पांढरे झगे चढवले होते. तुम्ही इथे उभे आहात, तुम्हाला दिसतंय: झगा कुणाच्याच अंगावर नाही. रोजचे कपडे आहेत. हातात पोरंबाळं आहेत. काहींनी यंदाचं पीकही शेतातून काढलेलं नाही, कारण ते खायला आपण इथे असणारच नाही, अशी त्यांची खात्री आहे.

ज्याच्या शब्दावर ही खात्री उभी आहे तो विल्यम मिलर, ६२ वर्षांचा शेतकरी. १८१२ च्या युद्धात तो कॅप्टन होता. देवाने जग घडवलं आणि मग त्याकडे पाठ फिरवली, असं तो तरुणपणी मानायचा. १८१६ मध्ये तो ख्रिस्ताकडे वळला. मित्र चिडवू लागले तेव्हा पवित्र शास्त्र आणि क्रूडनची शब्दसूची एवढंच जवळ घेऊन तो दोन वर्षं वाचत बसला. एक वचन उलगडल्याखेरीज पुढच्याला हात लावायचा नाही, हा त्याचा नेम. दानीएलच्या आठव्या अध्यायातल्या २३०० दिवसांशी येऊन तो थांबला. एक दिवस म्हणजे एक वर्ष. सुरुवात अर्तहशश्त राजाच्या हुकुमापासून, म्हणजे इ.स.पू. ४५७ पासून. उत्तर १८४३.

तुमच्याच वहीतली वजाबाकी.

मिलरने हे उत्तर कित्येक वर्षं बहुतांशी स्वतःजवळच ठेवलं. १८३१ मध्ये तो जाहीर बोलू लागला. बोस्टनच्या जोशुआ हाइम्सने १८४० मध्ये त्यासाठी वर्तमानपत्र काढलं. १८४२ मध्ये चार्ल्स फिच आणि अपोलोस हेल यांनी मोठा तक्ता तयार केला: दानीएलची श्वापदं, राजाच्या स्वप्नातला पुतळा, बाजूला आकड्यांच्या रांगा. गावोगाव तो टांगला गेला. मार्च १८४४ उलटला आणि काहीच घडलं नाही. इसवी सनाला शून्य वर्ष नसतं, म्हणून उत्तर एका वर्षाने पुढे सरकतं, हे तोवर ध्यानात आलं होतं. मग ऑगस्टमध्ये एक्सेटरच्या मेळाव्यात सॅम्युएल स्नो उभा राहिला आणि त्याने दिवससुद्धा सांगितला: यहुदी पंचांगातल्या सातव्या महिन्याचा दहावा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस. म्हणजे आजचा. मिलर स्वतः नेमका दिवस सांगायला कचरत होता. ऑक्टोबर लागला तेव्हा त्यानेही मान डोलावली.

तक्ता तयार करणारा फिच आठ दिवसांपूर्वी बफेलोत वारला. त्याच्या घरच्यांना वाटत असणार, आठवड्याभराचाच तर विरह.

सूर्य मावळतो. कुणी गाणं म्हणतं, कुणी प्रार्थना. कुणाच्या तरी कुशीत लेकरू झोपी जातं. बारा वाजतात. तुम्ही ह्या माणसांच्या चेहऱ्यांकडे पाहू शकत नाही, कारण पुढे काय होणार हे तुम्हाला ठाऊक आहे आणि त्यांना अजून नाही. दूर पश्चिमेला, पोर्ट गिब्सनमध्ये हायरम एडसन आणि त्याचे सोबती उजाडेपर्यंत रडत राहतात. हे रडणं तो पुढे स्वतःच लिहून ठेवील.

ह्या माणसांना हसणं सोपं आहे. तुम्ही हसू नका. प्रभूवर त्यांचं प्रेम होतं आणि तो यावा म्हणून ती तळमळत होती. आपल्यापैकी किती जण इतके तळमळतात? त्यांनी केलं ते एवढंच: आपली सगळी आशा एका वजाबाकीच्या खुंटीला टांगली. खुंटी निखळली आणि आशा जमिनीवर आली. मिलरने आपली चूक छापून कबूल केली. वाट पाहणं मात्र त्याने सोडलं नाही. शेवटी शेवटी त्याची दृष्टी गेली आणि २० डिसेंबर १८४९ ला तो वाट पाहता पाहताच मेला.

तुम्हाला परत फिरावंसं वाटतं. पण प्रश्न मनातून जात नाही: प्रकटीकरणाच्या पुस्तकाच्या जवळ, अगदी जवळ राहणारी माणसं ते कसं वाचत होती? तुम्ही प्रवाहाच्या उलट दिशेने चालू लागता.

इ.स. १८० च्या सुमारास. लुग्दुनुम, आजचं ल्यों

दोन नद्यांच्या संगमावरचं रोमन शहर. १७७ मध्ये इथे ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली. नव्वदी ओलांडलेला बिशप पोथिनस तुरुंगात गेला. ब्लांदिना नावाच्या दासीला रिंगणात जनावरांपुढे टाकलं. ती जखम अजून ओली आहे. रोमन सत्ता म्हणजेच प्रकटीकरणातलं ते श्वापद, असं म्हणायला कुणाला हक्क असेल, तर ह्या शहरातल्या मंडळीला.

त्यांचा आजचा बिशप इरेनेयस लिहीत बसला आहे. ग्रीकमध्ये प्रत्येक अक्षराला किंमत असते, म्हणून नावाची बेरीज करता येते. श्वापदाचा आकडा ६६६ ही कुणाच्या नावाची बेरीज, ह्याची चर्चा तेव्हाही रंगते. काही प्रतींमध्ये ६१६ असा आकडा शिरलाय, त्यावर तो वैतागतो. तुम्ही त्याच्या खांद्यावरून डोकावता आणि चकित होता: तोही बेरीज करतोय! एवान्थास, लातेइनोस, तेइतान. तिन्ही नावांची बेरीज जुळते. शेवटचं त्याला जास्त शक्य वाटतं.

आणि मग तो थांबतो. म्हणतो की अंदाज बांधण्यापेक्षा गोष्ट पूर्ण होण्याची वाट पाहणं अधिक सुरक्षित. ते नाव आजच जाहीर व्हायला हवं असतं, तर ज्याने दर्शन पाहिलं त्यानेच ते सांगितलं असतं. आणि ते दर्शन काही फार जुनं नाही, डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीचं, जवळजवळ आपल्याच काळातलं.

तुम्ही बराच वेळ तिथेच उभे राहता. अभ्यास करू नका, असं इरेनेयस म्हणत नाही. तो स्वतः वचन घेऊन बारकाईने बसलाय. पण कुठे थांबायचं, हे त्याला माहीत आहे. जिथे दर्शन पाहणारा योहान गप्प राहिला, तिथे तो गप्प राहतो. ही शिस्त त्याला कुणी लावली? त्याचं उत्तर तो स्वतःच देतो: लहानपणी स्मुर्णाच्या पोलिकार्पला त्याने पाहिलं होतं. प्रभूला पाहिलेल्या योहानाच्या आठवणी तो म्हातारा सांगत असे आणि मुलगा ऐकत असे.

इ.स. १५५ च्या सुमारास. स्मुर्णा

बंदराचं शहर. ह्या शहराने रोमकडे मोठ्या चढाओढीने सम्राट तिबेरियसचं देऊळ मागून घेतलं होतं. इथे सम्राटाला प्रभू म्हणणं ही नागरिकाची रोजची सभ्यता, आणि न म्हणणं जिवावर बेतू शकतं.

क्रीडांगण खचाखच भरलंय. पोलिकार्पला आणतात. ख्रिस्ताला शिव्या दे आणि जा, असं प्रांताधिकारी सांगतो. म्हातारा उत्तर देतो की ८६ वर्षं मी त्याची सेवा केली, त्याने माझं काही वाईट केलं नाही, मग माझ्या राजाची निंदा मी कशी करू? पुढचं तुम्ही पाहत नाही. डोळे मिटून घेता. धुराचा वास तरीही येतो.

नंतर स्मुर्णाची मंडळी ह्या मरणाची हकिकत लिहून दुसऱ्या मंडळ्यांना पाठवते. ती पत्र लिहीत असताना तुम्ही दिव्याजवळ उभे आहात. शेवटी तारीख घालायची असते. ते महिना लिहितात, दिवस लिहितात, प्रहर लिहितात. मुख्य पुजाऱ्याचं नाव लिहितात, प्रांताधिकारी क्वाद्रातुसचं नाव लिहितात. आता राज्य कुणाचं, ते लिहायचं. अशा कागदावर सम्राटाचं नाव यायचं. तिथे ते येशू ख्रिस्ताचं नाव लिहितात: ज्याचं राज्य सदासर्वकाळ.

तारखांनी तुम्हाला रात्रभर छळलं. ही तारीख मात्र तुम्हाला शांत करते. नुकतंच गुरूला जाळलेलं पाहणाऱ्या माणसांनी ती लिहिली आहे. राजा केव्हा येणार, हे त्यांना माहीत नाही. आज राज्य कोण करतो, ह्याबद्दल त्यांना तिळभर शंका नाही.

इ.स. ९५ च्या सुमारास. पात्म बेट

एजियन समुद्रातला खडकाळ तुकडा, जेमतेम ३४ चौरस किलोमीटर. देवाचं वचन आणि येशूची साक्ष ह्यांपायी योहान इथे आहे. त्याच्या आणि त्याच्या माणसांच्या मधे पाणी आहे. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लवदिकीया: सगळी पलीकडे. ज्या पुस्तकाच्या अखेरीस समुद्रच उरत नाही, ते पुस्तक चहूबाजूंनी समुद्र असलेल्या माणसाच्या हातून उतरलं, हे तुम्हाला आज पहिल्यांदा जाणवतं.

प्रभूचा दिवस आहे. दर्शन तुम्हाला दिसत नाही, ते त्याचं आहे. तुम्हाला दिसतो त्याचा चेहरा.

स्वर्गातलं दार उघडतं आणि त्याला सर्वांत आधी काय दिसतं? राजासन, आणि राजासनावर बसलेला. अजून एकही शिक्का फुटलेला नाही, घोडे धावलेले नाहीत, कर्णा वाजलेला नाही, श्वापद समुद्रातून वर आलेलं नाही. आधी राजासन. तुमच्या वहीतला तक्ता तुम्हाला आठवतो. तो सहाव्या अध्यायापासून सुरू होतो. चौथा आणि पाचवा तुम्ही प्रस्तावना समजून ओलांडला होता.

राजासनावर बसलेल्याच्या उजव्या हातात गुंडाळी आहे, आतून-बाहेरून लिहिलेली, सात शिक्क्यांनी बंद. ती उघडायला कोण लायक, अशी हाक जाते. स्वर्गात कुणी नाही, पृथ्वीवर कुणी नाही, पृथ्वीखाली कुणी नाही. आणि म्हातारा रडू लागतो. हुंदके देऊन रडतो. हे रडणं तुम्ही ओळखता. पोर्ट गिब्सनच्या त्या रात्रीचं रडणं हेच होतं: पुढचं पान आपल्याला उघडता येत नाही, हे कळल्यावरचं रडणं. संध्याकाळपासून तुमच्या पोटात बसलेला गोळाही त्याच जातीचा.

स्वर्गातल्या वडीलमंडळापैकी एक जण त्याला म्हणतो, रडू नको. यहूदा वंशाचा सिंह जिंकलाय. योहान सिंह पाहायला वळतो आणि त्याला दिसतो वधलेल्यासारखा कोकरा. उभा आहे. तो पुढे येतो आणि राजासनावर बसलेल्याच्या उजव्या हातातून गुंडाळी घेतो.

योहानाचं रडणं थांबतं. कारण काय, ते नीट पाहा. गुंडाळीत काय लिहिलंय, ते अजून कुणी वाचून दाखवलेलं नाही. कालक्रम त्याच्या हाती आलेला नाही. बदललंय एवढंच: ती कुणाच्या हातात आहे, ते त्याला कळलंय. त्या हाताला खिळ्यांची खूण आहे.

पुढचे सगळे शिक्के तोच फोडतो. काळ्या घोड्यावरचा, तराजू धरलेला स्वारसुद्धा त्याने शिक्का फोडल्यावाचून बाहेर पडत नाही. दुष्काळ, तलवार, मरण ह्यांतलं काहीही त्या हाताच्या नकळत सुटत नाही. हे ऐकून भीती पुरती जाते, असं नाही. पण भीतीला धनी मिळतो.

इ.स. ३० च्या सुमारास. जैतुनांचा डोंगर

अजून थोडं वर, उगमापाशी. यरुशलेमेपासून शब्बाथ दिवशी चालायची मुभा असते एवढ्याच अंतरावर येशूभोवती अकरा माणसं उभी आहेत. तुमचाच प्रश्न त्यांनी विचारलाय: प्रभू, ह्याच काळात का? तो त्यांना रागावत नाही. काळ आणि समय पित्याने आपल्या अधिकारात ठेवले आहेत, ते जाणणं तुमचं काम नव्हे, इतकं सांगतो आणि लगेच त्यांचं काम त्यांच्या हाती देतो: साक्षी व्हा. मग ढग त्याला दृष्टीआड करतो.

अकरा माना वर आहेत. तुमच्या डोळ्यांसमोर लो हॅम्प्टनचा खडक उभा राहतो, तिथेही अशाच माना वर होत्या. दोन शुभ्र वस्त्रधारी पुरुष विचारतात, इथे आभाळाकडे पाहत का उभे आहात? तो येईल, गेला तसाच येईल. आणि ती माणसं आनंदाने डोंगर उतरतात. खडकावरची माणसं तारीख घेऊन उभी होती आणि मोडून पडली. ह्यांच्याजवळ तारीख नाही. ज्याच्याकडे स्वर्गातला आणि पृथ्वीवरचा सगळा अधिकार आहे त्याला ह्यांनी जाताना पाहिलंय, तेवढं ह्यांना पुरतं.

राजाच्या येण्याचा मुहूर्त प्रजेने काढायचा नसतो. तो राजाने आपल्याकडे ठेवलाय. आपल्या ज्ञानातली ती उणीव नव्हे, तो त्याच्या राज्याचा भाग आहे.

१९२२. केडगाव

परतीच्या वाटेवर एक थांबा. मार्च सरत आलाय, पुणे जिल्ह्यातलं ऊन चढतंय. मुक्ती मिशनच्या आवारातल्या छापखान्यात बाया खिळे जुळवताहेत. एका खोलीत पंडिता रमाबाई प्रुफं तपासत बसल्या आहेत. वय ६३. कानांनी साथ सोडलीय. एकुलती एक लेक, मनोरमा, गेल्या वर्षी गेली. त्या मात्र हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र उतरवण्याचं काम पुरं करत आणताहेत.

काळा घोडा ह्यांना पुस्तकातून कळलेला नाही. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात आईवडील आणि बहीण काही महिन्यांच्या आत डोळ्यांदेखत गेली. १८९६-९७ चा दुष्काळ आला, त्यातच पुण्यात प्लेग आला. ही चिन्हं आहेत, शेवट आला, असं म्हणायला ह्याहून सबळ काळ कोणता? रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली घेऊन आल्या. पुढच्या दुष्काळात आणखी आणल्या. त्यांना जेवू घातलं, शिकवलं, खिळे जुळवायला बसवलं.

त्यांच्यासमोर आज कोणतं पान आहे, ते तुम्हाला दिसत नाही. पेन्सिल एका ओळीवर थांबते, दुरुस्ती होते, पुढे सरकते. काही दिवसांत, ५ एप्रिलला, त्या जातील. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडेल. धनी येईल तेव्हा चाकर कामात सापडावा, असं प्रभूने सांगितलं होतं. ते कसं दिसतं, हे तुम्ही ह्या खोलीत पाहता.

आज, तुमचं घर

पंख्याची घरघर. बारा वाजून गेलेत. वहीत वजाबाकी तशीच आहे, उत्तराची जागा रिकामी.

तक्ता तुम्ही फाडत नाही. शिक्के, कर्णे, वाट्या शास्त्रात आहेत आणि ते पुस्तक वाचणाऱ्याला व ऐकणाऱ्याला धन्य म्हणतं. त्यापासून दूर पळणं हाही अविश्वासच. पण तुम्ही वरच्या कोऱ्या जागेत एक राजासन काढता. चित्र काही नीट येत नाही. तरी ते सगळ्या रांगांच्या वर बसतं, आणि खालच्या युद्धांची नावं पेनाने लिहिली होती ती खोडून तुम्ही पेन्सिलीने लिहिता. पेन्सिलीचं खोडता येतं. वर काढलेलं खोडायची वेळ येणार नाही.

मोबाइलवरचा तो व्हिडिओ कुणालाही पुढे न पाठवता तुम्ही काढून टाकता. ज्याने पाठवला तो घाबरलेला असणार, उद्या त्याला फोन करायचा, असं ठरवता.

आतल्या खोलीत दिवा अजून चालू आहे. आई जागीच आहे.

"संपलं का?" ती विचारते.

"नाही आई."

तुम्ही तिच्या उशाशी बसता. पहिल्या शतकात हे पुस्तक बहुतेकांनी असंच अनुभवलं: एकाने वाचलं, बाकीच्यांनी ऐकलं. तुम्ही प्रकटीकरणाचा पाचवा अध्याय काढता आणि मोठ्याने वाचू लागता. योहान रडतो तिथे तुमचा आवाज जरा अडखळतो. आई हात पुढे करून तुमचं मनगट धरते. पुढे काय आहे, तिला पाठ आहे. कोकरा गुंडाळी घेतो तिथे पोचेपर्यंत ती ओठांतल्या ओठांत तुमच्याबरोबर म्हणू लागलेली असते.